डावीकडं बघा, सर

अप-डाउन करणाऱ्या मास्तर लोकांच्या गाडीत किस्से कसे साठतात, ते अप-डाउन न केलेल्याला सांगून पटत नाही. सकाळी एक रस्ता, संध्याकाळी तोच रस्ता उलटा. सुरुवातीला झाडं बघून होतात, मग ढाब्यांच्या पाट्या वाचून होतात. त्यानंतर माणसं एकमेकांकडं बघायला लागतात आणि किस्से सुरू होतात. तेच घरी येऊन सांगावं, तर घरचे भाजी निवडत म्हणतात, "बरं, मग पुढं?" पुढं काहीच नसतं. हसून हसून गाडी बाजूला घ्यावी लागलेली असते, पण ते घरच्यांना कुठं माहीत!

आमची गाडी संभाजीनगरहून पाचोडला जायची. पाचोड म्हणजे पैठण तालुक्यातलं मोठं गाव, मोसंबीचा बाजार आणि आमची शाळा. गाडीत आम्ही चौघं. शेळके सर इतिहासाचे. गाडी त्यांची आणि चालवणारेही तेच, स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. शेजारी डावीकडं पठाण सर, चित्रकलेचे. त्या सीटला आम्ही क्लीनरची सीट म्हणायचो, कारण तिथं बसणाऱ्यानं मोसंबी सोलून मागं द्यायची आणि ड्रायव्हरला पेंग येऊ द्यायची नाही, असा दंडक होता. मागं गायके भाऊ, शाळेचे क्लार्क. आम्ही सगळे सरांच्या दारातूनच बसायचो, आणि ते झाल्टा फाट्याच्या आत घोरायला लागायचे. आणि शेळके सरांच्या मागच्या खिडकीत मी, कुलकर्णी मॅडम, विज्ञान.

शेळके सरांना अपघात झाला तो या गाडीत नाही. कोथिंबीर आणायला म्हणून ते मुलीची स्कूटी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले. कोपऱ्यापर्यंतच जायचं म्हणून हेल्मेट घातलं नाही, आणि कुत्रं आडवं आलं. डोक्याला आतून मार लागला. ऑपरेशन झालं. आम्ही आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर आळीपाळीनं बसलो आणि त्या दिवसांत आमच्यातलं कुणी कुणाशी धड बोललं नाही. पण माणूस वाचला. खालचे सगळे किस्से त्यानंतरचे आहेत, म्हणून तर ते हसून सांगता येतात.

* * *

शुद्धीवर आल्यावर एक तरुण डॉक्टर रोज येऊन सरांना प्रश्न विचारायचे. नाव काय, वार कोणता, आपण कोणत्या शहरात आहोत. मेंदू कितपत जागेवर आहे ते त्यावरून कळतं म्हणे. नाव बरोबर आलं. वार चुकला, पण सुट्टीत तो कुठल्याही मास्तरचा चुकतो.

"शहर कोणतं?" डॉक्टरांनी विचारलं.

सरांनी डोळे मिटले. सुमनवहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. सर वर्गात अगदी पुस्तकी बोलायचे, पण त्या दिवसांत त्यांच्या तोंडी गंगापूरकडची गावची भाषाच आली होती. हळूहळू म्हणाले, "कंच्या काळातलं इचारता? आधी खडकी. मंग फत्तेनगर. मंग औरंगाबाद. आता छत्रपती संभाजीनगर. तुमाला कंचं पायजे?"

डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. ते नर्सला म्हणाले, "पेशंट अजून कन्फ्यूज्ड आहे."

वहिनींनी तोंडातला पदर काढला. "नाय हो डॉक्टर, लग्नापासून असेच हायेत ते."

* * *

मेंदू जागेवर होता, पण एक गोष्ट तिथून निसटली होती, आणि ती आम्हाला ताटावरून कळली.

सर घरी आल्यावर मी एका दुपारी भेटायला गेले. सर जेवत होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, तुमीच न्याय करा. ठेचा बंद, लोणचं बंद, लिंबू बंद. डॉक्टरनं सांगितलं नाय, हिनं परस्पर ठरवलं."

वहिनी बघतच राहिल्या. कारण ठेचा ताटात होता. लोणचंही होतं, लिंबाची फोडही होती. आपल्याकडं ताट वाढायची रीत ठरलेली: भाजी-आमटी उजवीकडं, चटणी-लोणचं डावीकडं. बिचाऱ्या वहिनी रोज रीतीप्रमाणं वाढायच्या आणि रोज डावी बाजू जशीच्या तशी उचलून न्यायच्या. त्यांना वाटायचं, आजारपणात तिखट सोसत नाही. सरांना वाटायचं, बायको दुष्ट झाली. आणि दोघंही मानी, म्हणून कुणी कुणाला विचारलं नाही.

मी ताटाला हात लावला आणि अर्धं फिरवलं.

"आला का ठेचा?" सर खूश झाले. "मॅडम आल्या म्हणून वाढला." आणि भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी ठेच्याला लावला. दोन घास खाऊन इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "पण आता भाजी कुठं गेली?"

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. डोळे उत्तम आहेत, पण डावीकडं काही आहे याची मेंदू दखलच घेत नाही. म्हणूनच सर दाढी उजव्या गालाची करत होते आणि डावा हात मांडीवर पाहुण्यासारखा ठेवून बसत होते. यावर औषध म्हणजे सवय. सारखं सांगत राहायचं, डावीकडं बघा. तेव्हापासून घरात, गल्लीत, शाळेत सगळ्यांच्या तोंडी तेवढं एकच वाक्य झालं. वहिनी जेवताना मध्येच ताट फिरवायच्या आणि आलेल्या पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्याकडं आता जेवणाला मध्यंतर असतंय."

* * *

सरांना मात्र ठेच्याचं काही नव्हतं. त्यांचा डॉक्टरांना एकच प्रश्न होता, "गाडी कवा?"

डॉक्टर म्हणाले, "तूर्त गाडीचं नाव काढू नका. डावीकडून सायकलवाला आला तर? आणि गिअर कुठल्या हातानं टाकता?"

त्या दिवशी सोबत मी गेले होते. परत येताना रिक्षात ते मला म्हणाले, "मॅडम, आमचा बाप बैलगाडी हाकायचा. मी मोटार चालवतो. आमच्या घराण्यात मागं बसून जायची सवय नाय." एवढं बोलून ते बाहेर बघत बसले, अर्थातच उजवीकडं.

वहिनींना धास्ती होती की हा माणूस एक दिवस गुपचूप गाडी काढणार. गाडीच्या किल्ल्या दोन. एक त्यांनी पठाण सरांकडं देऊन टाकली. दुसरीबद्दल मला फोन आला, "मॅडम, किल्ली लपवली बघा."

"कुठं?"

"दाराजवळच्या खिळ्यावर."

मी म्हटलं, "वहिनी, हे कसलं लपवणं? रोज तिथंच तर असते."

"व्हय. पन तो खिळा बाहेर जाताना डाव्या हाताला येतो."

सरांनी कपाट शोधलं. देवघर शोधलं. पिठाचा डबा उपसला. वहिनी शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. सरांनी दरडावून विचारलं, "किल्ली कुठं ठिवली?" त्यावर वहिनी म्हणाल्या, "आसंल की, समोरच आसंल." मला सांगताना त्यांनी दोनदा बजावलं, "मी खोटं काय बोलले नाय हां, मॅडम."

* * *

सर शाळेत रुजू झाले, तसा गाडी चालवण्याचा प्रश्न आला. लायसन्स पठाण सरांकडं होतं. ते त्यांनी तरुणपणी काढलं होतं आणि नंतर जपून ठेवलं होतं. म्हणून पठाण सर ड्रायव्हर झाले आणि शेळके सर क्लीनरच्या सीटवर आले.

पठाण सर गाडी फार अदबीनं चालवायचे. म्हशीला आधी वाट द्यायचे, मग एसटीला, मग सायकलला. शेळके सरांचा जीव नुसता वरखाली व्हायचा.

"पठाण, गाडीला पाच गिअर असतात. तिसऱ्याच्या पुढचे काय पेन्शनला ठेवलेत?"

"सर, तुमकू पोचना है ना? मैं पोचाता. कब पोचाता, वो नक्को पूछो."

एक दिवस आडूळच्या अलीकडं कापसाच्या ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरनं आम्हाला ओव्हरटेक केलं. कापसाच्या ढिगावर आमचाच एक विद्यार्थी दप्तर उशाला घेऊन पडला होता. त्यानं वरूनच हात जोडले, "नमस्कार सर!" शेळके सरांनी कपाळाला हात लावला. आम्ही शाळेत पोचलो तर तो पोरगा फाटकात उभा राहून हेडमास्तरांना सांगत होता, "येऊ लागलेत सर, मी मागं बघितले."

पण त्या सीटवर एक चांगलं झालं. दंडकाप्रमाणं मोसंबी सोलायचं काम शेळके सरांकडं आलं, आणि एका हातानं मोसंबी सोलून दाखवा बरं. पठाण सर रोज सकाळी म्हणायचे, "सर, आपके डावे हात को बोलो, ड्यूटी पे आ जाओ." डावा हात उशिरा यायचा, कधी अर्ध्यातच निघून जायचा, पण यायला लागला. पहिले काही दिवस आम्ही मागं बसून मोसंबी म्हणून लगदाच खाल्ला. कुणी तक्रार केली नाही.

* * *

शाळेत वेगळीच गंमत झाली. आमच्या वर्गात मुली एका बाजूला, मुलं एका बाजूला. खुर्चीवर बसलेल्या मास्तरच्या डाव्या हाताला मुली. आठवडाभरानं मुलं माझ्याकडं तक्रार घेऊन आली, "मॅडम, सर समदे प्रश्न आमालाच इचारतात. पोरींना माफी."

मुली खुशीत होत्या. पण ती खुशी काही टिकली नाही. एक दिवस त्यांच्यातली एक हुशार मुलगी डोळे पुसत आली. अख्खा तास तिनं हात वर केला होता आणि सरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. "सर आमच्यावर रुसलेत का?" तिनं विचारलं.

मी वर्गात जाऊन जे होतं ते सांगितलं. सरांच्या मेंदूला लागलंय, त्यांना डावीकडचं लक्षात येत नाही, तुम्ही आठवण करून द्यायची. मुलांनी ऐकलं, माना डोलावल्या. आणि दुसऱ्या दिवशी न सांगता, मुलींवर अन्याय नको म्हणून, बाजू बदलून बसली. मुली उजवीकडं, मुलं डावीकडं. मुलांनाही प्रश्नांतून सुटका हवीच होती म्हणा.

सर आले, वर्गावर नजर टाकली आणि हजेरी काढली. "आज समदी पोरं कुठं उलथली?" ते म्हणाले आणि सगळ्या मुलांची गैरहजेरी मांडायला लागले.

अख्खा वर्ग ओरडला, "सर, डावीकडं!"

सरांनी मान वळवली. आधी दचकले. मग इतके हसले, इतके हसले, की शेजारच्या वर्गातून मी बघायला आले. ऑपरेशननंतर त्यांना असं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

* * *

आता जरा वेगळं सांगते.

एक सकाळ. आम्ही तिघं सरांच्या दारात गाडीपाशी उभे. सरांना उशीर होत होता, म्हणून पठाण सरांनी हॉर्न दिला. सर दारात आले ते बाहेर न येता तिथंच थांबले. त्यांच्या तळहातावर किल्ली होती.

"ही खिळ्यावर होती," ते म्हणाले.

वहिनी मागून आल्या.

"किती दिवस होती?" सरांनी विचारलं.

"तुमी दवाखान्यातून आलात तवापासून."

"मंग सांगितलं का नाय?"

"तुमाला दिसंल तवाच द्यायची, आसं ठरलं होतं."

"कुनाचं ठरलं होतं?"

"माजं," वहिनी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. आतून भांडी घासल्याचा मोठा आवाज यायला लागला. भांडी तर त्या सकाळी आधीच घासून पालथी घातलेली होती, ती मीच आत पाणी प्यायला गेले तेव्हा बघितली होती.

सरांनी किल्ली परत खिळ्यावर अडकवली आणि येऊन क्लीनरच्या सीटवर बसले. पठाण सर बराच वेळ चष्मा पुसत होते. मोसंबी त्या दिवशी कुणी सोललीच नाही.

* * *

डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या आणि म्हणाले, आता शिकायला हरकत नाही, पण अगदी पहिल्यापासून, आणि शेजारी दुसरा ब्रेक असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. बिनागिअरची गाडी घेतली तर सोपं पडेल, असंही सुचवलं. त्यावर सर म्हणाले, "बिगर गिअरची गाडी म्हंजे बिगर मिठाचं वरण." तो विषय तिथंच संपला.

शिकवणी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत सुरू झाली, सुट्टीच्या दिवशी, कारण तेव्हा कारखाने बंद आणि रस्ते मोकळे. पठाण सरांनी पुठ्ठ्यावर एक लालभडक कोंबडा रंगवला आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरच्या परवानगीनं काचेच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवला. नियम असा की प्रत्येक वळणावर सरांनी आधी कोंबडा शोधायचा, तिथून नजर आरशाकडं न्यायची आणि मगच गिअर टाकायचा. "पैले मुर्गा, बाद में गिअर," पठाण सर मागून म्हणायचे. कोंबडा दिसला की सरांनी तसं मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे आम्हालाही कळायचं.

एका बंद कारखान्याच्या वॉचमननं हे बराच वेळ बघितलं. एक पन्नाशीतला माणूस पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यावर येतो, गाडी थांबवतो, मान वळवून "कोंबडा" म्हणतो आणि निघून जातो. शेवटी न राहवून तो काठी घेऊन खिडकीशी आला. म्हणाला, "साहेब, मघापासून बघू लागलो. हारवला का कोंबडा? म्या बी शोधू लागतो की."

पुढं आरटीओतही सर पास झाले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "गाडी चांगली चालवता, पण डावीकडं एवढं काय बघता?"

सर म्हणाले, "लई दिवसांची बाकी राहिलीय, साहेब."

* * *

मग सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "उद्यापासून गाडी मी चालवणार. कुणाला एसटीनं यायचं असंल तर खुशाल या. राग नाय."

खरं सांगते, मला भीती वाटली. नवऱ्याला बोलले, तर तो म्हणाला, तू ठरव. सकाळी मी गेले. बघते तर पठाण सर आणि गायके भाऊ माझ्याही आधी येऊन उभे. कधी वेळेवर न येणारी माणसं! तिघांनीही एकमेकांकडं बघायचं टाळलं आणि आपापल्या जागी बसलो.

सरांनी गाडी छान चालवली. सगळं छान होतं, फक्त गायके भाऊ झोपले नाहीत. मुकुंदवाडी गेली, झाल्टा फाटा गेला, ते बॅग पोटाशी धरून, डोळे ताणून समोर बघत होते. दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यातही तेच. सर आरशातून बघायचे.

"गायके, झोपत का नाय?"

"बीपीची गोळी बदलली, सर. झोपच येईना."

सरांचे कान लाल झालेले मला मागून दिसले. आम्ही मंडळी बोलून काही दाखवत नव्हतो, पण त्यांचं हे न घोरणं आता सगळ्यांच्याच जिवाला लागलं होतं.

आणि एका सकाळी चित्तेपिंपळगावच्या पुढं माझ्या शेजारून आवाज आला. आधी बारीक, मग खणखणीत. पठाण सरांनी वळून ओठांवर बोट ठेवलं. मी श्वास रोखून बसले. सरांनी खड्डे असे चुकवले की पाणी भरलेला तांब्या ठेवला असता तर सांडला नसता. पाचोड आलं, शाळेचं फाटक आलं, आणि सर थांबलेच नाहीत. गावाला एक वळसा घातला. मग अजून एक घातला. प्रार्थना संपल्यावर आम्ही आत गेलो.

हेडमास्तरांनी विचारलं, "शेळके, उशीर का?"

"गायके झोपले होते, सर," शेळके सर म्हणाले, आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो बघून हेडमास्तरांनी पुढं काही विचारलंच नाही.

* * *

शेवटचा.

डॉक्टरांनी पास केलं, आरटीओनं पास केलं, गायके भाऊंनी पास केलं. पण सुमनवहिनी त्या गाडीत बसल्या नव्हत्या. "त्यांनी चालवावं, माझं काय म्हणनं नाय. मी आपली एसटीनं जाईन," असं म्हणायच्या. माहेरी गंगापूरला जायचं तरी जीपनं नाहीतर एसटीनं. सरांनी एकदाही आग्रह केला नाही. आडूळला चहा पिताना मात्र मला एकदा म्हणाले, "मॅडम, समदे ब्रँच झाले. हेड ऑफिस बाकी हाय." म्हणाले हसतच, पण कप तसाच हातात धरून बसले. चहा निवला तरी त्यांना भान नव्हतं.

हिवाळ्यात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. वहिनींना मुलींच्या रांगोळ्यांना बक्षिसं द्यायला बोलावलं होतं. त्या सकाळी एसटीनं आल्या, बक्षिसं दिली, जेवल्या, आणि चार वाजायच्या सुमाराला फाट्यावर एसटीसाठी उभ्या राहिल्या. आम्ही गाडी घेऊन निघालो, तर त्या अजून तिथंच. तेवढ्यात एक एसटी आली. दाराशी माणसं लोंबकळत होती. ती न थांबताच गेली.

सरांनी गाडी थोडी पुढं नेऊन बाजूला उभी केली. हॉर्न दिला नाही. काच खाली केली नाही. नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. पठाण सर मुकाट्यानं उतरले, पुढचं दार उघडं ठेवलं आणि मागं येऊन आमच्यात दाटीवाटीनं बसले.

वहिनी रस्त्याकडं बघत राहिल्या. दुसरी एसटी काही दिसत नव्हती. मग त्या आल्या, बसल्या, आपल्या हातानं दार ओढून घेतलं. एका हातानं दारावरची कडी धरली, दुसऱ्या हातात पाहुणी म्हणून मिळालेला नारळ, आणि डोळे मिटून घेतले.

गाडी निघाली. गायके भाऊसुद्धा जागे. वहिनींचे ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत असाव्यात. आडूळ आलं आणि गेलं. चहाला थांबायचं का, असं विचारायचा कुणाला धीर झाला नाही. पुढं कधीतरी माझ्या लक्षात आलं की कडीवरचा हात खाली आलाय आणि नारळ मांडीवर कलंडलाय. डोळे मात्र मिटलेलेच होते. झोपल्या होत्या की नुसत्या मिटून बसल्या होत्या, मागून कळत नव्हतं.

संध्याकाळी संभाजीनगरकडं येताना ऊन डाव्या काचेतून येतं. तसं ते त्या दिवशीही आलं आणि थेट वहिनींच्या तोंडावर पडलं. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, म्हणून गाडी हळू झाली. सरांनी गिअर बदलला. मग त्यांचा डावा हात गिअरवरून उठला तो स्टिअरिंगवर गेला नाही. तो वहिनींच्या डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या पट्टीकडं गेला, पट्टी खाली ओढली, काचेच्या बाजूला वळवली, थोडी अजून वळवली. सावली डोळ्यांवर आली, पण गालावर ऊन राहिलं होतं. सर मान वळवून तेवढं बघत होते.

कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पठाण सरांनी माझा हात घट्ट धरला होता, ते त्यांच्याही ध्यानात नसावं.

वहिनींनी डोळे उघडले नाहीत. तशाच बसून म्हणाल्या, "माज्याकडं काय बघताय? समोर बघा."